कोरी फिल्म

पुणे, 7 जुलै 2025
पावसाळी हवेत द्रावण आटायचं नाव घेईना. बीकरवर पॅराफिल्म, तिला टाचणीनं पाडलेली सहा भोकं, आणि रोज सकाळी वाकून बघणं. आज अकराव्या दिवशी तळाशी स्फटिक दिसले, रंगहीन, खडीसाखरेच्या तुटक्या काड्यांसारखे. सेंद्रिय अमोनियम आणि कॅडमियम क्लोराईडच्या साखळ्या एकाच जाळीत, म्हणून 'हायब्रिड'. याच्या मँगनीजवाल्या भावंडानं 2017 साली दाबल्यावर न्यूटनमागे 185 पिकोकुलोम विद्युतभार दिला, तेव्हापासून आम्ही सगळे याच्या मागे. दाबल्यावर वीज देणाऱ्या नेहमीच्या पीझेडटी सिरॅमिकमध्ये वजनानं निम्म्याहून जास्त शिसं असतं, ते नको म्हणून या वाटेला आलो, आणि हातमोज्यांवर आता कॅडमियम! प्रस्तावनेत हे कसं लिहायचं, बघू.

10 जुलै
स्फटिक खलात घोटून पीडीएमएसच्या रबरात मिसळले होते. आज फिल्मला दोन्हीकडून कॉपर टेप लावून अंगठ्यानं ठोकलं. 9 व्होल्ट! ज्युनिअरनं लगेच फोटो काढला. सर आले, पडदा बघितला आणि एवढंच म्हणाले, "कोरी फिल्म ठोकलीस का?"

11 जुलै
ठोकली. स्फटिकाचा कणही नसलेलं नुसतं रबर, तरी 6 व्होल्ट. हातमोजा रबराला चिकटतो, सुटतो आणि भार सोडून जातो. कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तीच गंमत. रात्री जेवण गेलं नाही.

13 जुलै, रविवार
वाचन. 1920 साली मिनेसोटात जोसेफ व्हालासेकनं फेरोइलेक्ट्रिकपणा, म्हणजे विद्युतक्षेत्रानं उलटवता येणारं अंगचं ध्रुवीकरण, पहिल्यांदा दाखवला तो रोशेल मिठात. सेंद्रिय टार्टरेट, सोबत सोडियम आणि पोटॅशियम. म्हणजे तेही हायब्रिडच की. पण 24 अंशांच्या वर त्याचा हा गुण जातो. खोलीवर पंखा लावून वाचताना त्या मिठाची कीवच आली. आमच्या पदार्थात हाच गुण उकळत्या पाण्याच्या तापमानाच्याही वर टिकतो.

15 जुलै
अंगठा बाद. फिल्म थरथरणाऱ्या शेकर यंत्राखाली कायमची दाबून ठेवली, सुटायचा प्रश्नच नाही, भोवती जमिनीला जोडलेली जाळी. हायब्रिड 4 व्होल्ट, कोरी जवळजवळ सपाट. मग पोलिंग, म्हणजे विद्युतक्षेत्र लावून स्फटिकांचे ध्रुव एका दिशेला वळवणं, उलट्या दिशेनं केलं, तर लाटही उलटी झाली. हे मात्र रबराला जमणार नाही. सर "हं" म्हणाले. त्यांच्या हिशेबी ही शाबासकी.

16 जुलै
फिल्मच्या विजेवर 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 2 व्होल्टपर्यंत चढायला पाच मिनिटं लागली. साठले 2 मायक्रोज्यूल. 20 मिलिवॉटचा एलईडी यावर सेकंदाचा दहाहजारावा भाग जळेल.

17 जुलै
ओपन डेच्या पोस्टरवर कुणीतरी लिहून ठेवलंय, 'चाला आणि मोबाईल चार्ज करा'. खोडलं. यंत्रावर बसून अधूनमधून एखादा आकडा पाठवणारा सेन्सर चालवता आला तरी पुष्कळ. ज्युनिअर म्हणाला, "मग एलईडीपाशी काय लिहू?"
म्हटलं, "लिही, पापणी मिटू नका."