वळणांच्या मधला आवाज

कसारा घाट उतरताना आमच्या पिकअपचं स्टेअरिंग वाजायचं. वळणात नव्हे, दोन वळणांच्या मध्ये. डावं वळण पुरं व्हायचं, भाऊ स्टेअरिंग उजवीकडे ओढायला लागायचा आणि त्या ओढण्याच्या अगदी पहिल्या क्षणी पायांखालून एक ‘खट्’ यायचं. मग सगळं उजवं वळण शांत. ते संपून हात पुन्हा डावीकडे निघाले की पुन्हा तोच कोरडा, एकुलता आवाज. मागे ताडपत्रीखाली टोमॅटोची कॅरेटं, वीस-वीस किलोची, दोरांनी आवळलेली. पुढे वाशीच्या मार्केटची वेळ गाठायची. आजूबाजूला खालच्या गिअरमध्ये उतरणारे ट्रक, तापलेल्या ब्रेकांचा वास. अशा गर्दीत तो आवाज मोठा नव्हता. पण त्यानंतर भावाचे हात स्टेअरिंगवर जरा जास्त घट्ट व्हायचे, आणि ते मला शेजारी बसून दिसायचं.

गाडीचे बहुतेक आवाज आपलं कारण सोबत घेऊन येतात. चाकाचं बेअरिंग गेलं की ते वेगाबरोबर घुमतं. ब्रेकचं लायनर संपलं की पेडल दाबल्यावरच घासतं. कमानपाट्याचं बुश खाल्लं गेलं तर खड्ड्याखड्ड्याला करकरतं. हा आवाज मात्र ना वेगाशी बांधलेला होता, ना खड्ड्याशी. तो दिशा बदलण्याशी बांधलेला होता. एकाच दिशेला जोर असेपर्यंत झिजलेला किंवा सैल झालेला जोडही गप्प राहतो, कारण त्यातली फट एका बाजूला दाबली गेलेली असते. जोर उलटला की ती फट आधी ओलांडावी लागते, आणि पलीकडच्या काठावर लोखंड लोखंडाला भेटतं. चढ संपून उतार लागला की बैलगाडीचं जू बैलांच्या मानेवर पुढे सरकतं, तसंच हे. म्हणजे आवाजाने स्वतःबद्दल एक गोष्ट पहिल्यापासून सांगितली होती: काहीतरी हलतंय, जे हलायला नको. कुठे, एवढंच राहिलं होतं.

हे ‘कुठे’ सोपं नसतं. हातातल्या चक्रापासून रस्त्यावरच्या चाकापर्यंत जोडांची एक लांबलचक साखळी असते. चक्राखाली दांडा, दांड्याला दोन क्रॉस, मग स्टेअरिंग बॉक्स, बॉक्समधून खाली निघालेला ड्रॉप आर्म, त्याला ड्रॅग लिंक, चाकाजवळ किंगपिन आणि दोन्ही चाकांना एकत्र बांधणारा टाय रॉड. अशा गाडीत चक्र साधारण सोळा ते वीस अंश फिरवलं की रस्त्यावरचं चाक एक अंश वळतं. त्यामुळे चालवणाऱ्याला जे हलकं वाटतं, ते खाली पोचेपर्यंत प्रचंड जड झालेलं असतं. हाताला जाणवतही नाही इतक्या जोराने खाली पोलादाचे तुकडे एकमेकांवर रेटले जात असतात. भरल्या गाडीत तर विचारायलाच नको.

शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात टाय रॉडचे एंड बदलून झाले होते, अलाइनमेंटही झाली होती. आवाज तसाच. मग त्यांनी सांगितलं, अख्खा स्टेअरिंग बॉक्स बदलावा लागेल. बॉक्स उघडून कुणी पाहिला नव्हता, त्याला हात लावूनही कुणी पाहिलं नव्हतं. यादीतला पुढचा महाग भाग, म्हणून बॉक्स. मला या पद्धतीचा राग येतो, आणि तो फक्त पैशांचा नाही. भाग बदलत जायचं आणि आवाज थांबेल त्या दिवशी थांबायचं, याला दुरुस्ती म्हणता येत नाही. यात दोष सापडतच नाही, फक्त कधीतरी निघून जातो. काय झालं होतं हे कुणालाच कळत नाही, आणि चांगले भाग भंगारात जातात. टोमॅटोचा भाव कॅरेटमागे कधी चढतो, कधी वाहतुकीचा खर्चही निघू नये इतका पडतो. त्या हिशेबात असा एक अंदाज चुकला, तर शेतकऱ्याचा अख्खा हंगाम तिरका होतो.

म्हणून आम्ही गाडी पिंपळगाव बसवंतच्या बाहेर असलेल्या चाचांकडे नेली. त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, पुढे तेलाने काळी झालेली माती, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने. चाचांनी गाडी चालवून पाहिली नाही. भावाला एवढंच विचारलं, “आवाज वळताना येतो, का वळण फिरवताना?” फिरवताना, असं ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली, मागच्या चाकांना दगडांची उटी लावली, हँडब्रेक स्वतः ओढून पाहिला आणि मला म्हणाले, “ताई, तुम्ही वर बसा. मी सांगेन तसं स्टेअरिंग जरासंच हलवायचं. डावीकडे, उजवीकडे. चाक वळेपर्यंत न्यायचं नाही.”

गाडी जागेवर उभी, चारही चाकं जमिनीवर, वजन आहे तसं. एकाने वर बसून चक्र थोडं इकडे-तिकडे करायचं आणि दुसऱ्याने खाली राहून एकेका जोडाला हात लावत जायचं. या तपासणीला दोन माणसं लागतात. एकट्याला ती करताच येत नाही, कारण जोर लावणारा हात आणि फट शोधणारा हात यांच्यामध्ये सगळी गाडी आडवी असते. मी चक्र हलवलं, आणि आवाज आला. अगदी माझ्या पायाखाली. भाऊ डाव्या चाकाजवळ वाकला होता, तो म्हणाला, इथून येतोय. उजवीकडे उभा असलेला पोऱ्या म्हणाला, नाही, इथून. आवाज प्रत्येकाला आपल्याजवळून येत होता.

त्याला कारण आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादात जवळजवळ ५,००० मीटर. चासी म्हणजे पुढून मागे गेलेलं एकसंध लोखंड. कुठल्याही कोपऱ्यात टोला पडला की क्षणात सगळी चासी वाजते, आणि स्टेअरिंगचा दांडा तर तो आवाज थेट चालकाच्या तळव्यात आणून सोडतो. कान ज्या जागेवर बोट ठेवतात, ती केवळ वाजणारी जागा असते. हलणारी जागा तीच असेल असं नाही.

चाचा गाडीखालून म्हणाले, “कान राहू दे. हात लाव.” ते भावाला शिकवत होते. मी मान काढून पाहिलं. त्यांनी जोड मुठीत धरला नव्हता. ज्या दोन भागांनी एकत्रच हलायला हवं, त्यांच्या सांध्यावर अंगठा आडवा ठेवला होता, अर्धा या भागावर, अर्धा त्या भागावर. दोन्ही बरोबर हलले तर अंगठ्याला काहीच वाटत नाही. एक मागे राहिला तर केसाएवढा फरकही कातडीला कळतो. डोळ्याला तो दिसत नाही. बोटाच्या टोकाची ही ताकद किती मोठी आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. धान्य निवडताना, कापडाचा पोत पाहताना, तापलेल्या कपाळावर हात ठेवताना ती आपण वापरतो, पण तिला ज्ञान म्हणत नाही.

ते चाकांकडून वर सरकत गेले. टाय रॉडचे एंड नवेच होते, त्यांना प्ले नव्हता. ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं घट्ट. जॅक लावून एक चाक उचललं, टायरखाली पहार घालून वर रेटून पाहिली, किंगपिन ठीक. मग बॉनेट उघडून त्यांनी दांड्याचा खालचा क्रॉस धरला. भावाची खात्री होती की तोच असणार, कारण गरम एक्झॉस्टजवळ राहून त्यातलं ग्रीस सुकतं आणि पावसाळ्यातल्या चिखलपाण्याने त्यातले बारीक रोलर गंजतात. संशय वाजवी होता. मला मात्र त्या क्रॉसकडे पाहताना रॉबर्ट हुक आठवला. सतराव्या शतकातल्या या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली सूर्याचं निरीक्षण करण्याच्या उपकरणांवर एक पुस्तिका छापली. तिरप्या दिशेला फिरणं पोचवणारा हा जोड त्याने तिच्यात वर्णन केला होता. आजही त्याला हुकचा जोड म्हणतात. त्याच पुस्तिकेच्या शेवटी त्याने काही अक्षरं उलटसुलट करून एक कोडं छापलं होतं. त्याचं उत्तर त्याने १६७८ मध्ये दिलं: स्प्रिंग जितकी ताणावी, तितक्या जोराने ती मागे ओढते. शाळेत आपण तो नियम हुकच्याच नावाने शिकतो.

क्रॉस निर्दोष निघाला. चाचांचा हात आणखी खाली गेला, बॉक्स चासीला जिथे बसवलेला असतो तिथे. अंगठा अर्धा बॉक्सवर, अर्धा चासीवर. “हलवा, ताई.” मी हलवलं. ते काही बोलले नाहीत. बाजूला सरकले आणि मला खाली बोलावलं, भावाला वर बसवलं. मी अंगठा ठेवला. भावाने चक्र डावीकडे नेलं, काही नाही. उजवीकडे वळवायला घेतलं आणि अंगठ्याखाली ते अख्खं ओतीव लोखंड सरकलं. जेमतेम, पण सरकलं. घाटात ऐकलेला आवाज आता माझ्या हाताखाली होता. एकही भाग झिजलेला नव्हता. ज्याने जागेवर राहून दुसऱ्यांना हलवायचं, तोच हलत होता.

बॅटरीच्या उजेडात वॉशरभोवती लालसर पूड दिसली. गंजच तो, पण पाण्याने आलेला नव्हे. घट्ट दाबलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर बारीक घासत राहिले की निघणारी ती पूड असते. बोल्ट काढल्यावर कारण हातात आलं. चारांपैकी तीन बोल्टांच्या डोक्यावर १०.९ कोरलेलं होतं. चौथ्याचं डोकं गुळगुळीत. कधीतरी, कुणीतरी, कुठल्या तरी कामात मूळ बोल्ट हरवला असावा आणि त्या जागी साधा बोल्ट बसवला असावा.

त्या आकड्यांचा अर्थ असा: १०.९ चा बोल्ट तुटण्याआधी दर चौरस मिलिमीटरमागे १,००० न्यूटन ताण सोसतो, म्हणजे सुमारे शंभर किलोचं वजन. आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत ताणला तरी सोडल्यावर तो मूळ लांबीवर परत येतो. बाजारात मिळणारा साधा ४.६ चा बोल्ट ४०० न्यूटनला तुटतो आणि २४० नंतर कायमचा लांब होऊन बसतो. हा फरक इथे जीवघेणा आहे, कारण बोल्ट खुंटीसारखा अडकवून धरत नाही. तो आवळल्यावर किंचित ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा मागे ओढत दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून ठेवतो. बॉक्स जागेवर राहतो तो या दाबातून येणाऱ्या घर्षणाने. म्हणजे संशय ज्या जोडावर होता तो हुकचा, आणि दोषी ठरला त्या बोल्टला लागू होणारा नियमही हुकचाच. साडेतीनशे वर्षांपूर्वी एकाच पुस्तिकेत छापलेले दोघे निफाड तालुक्यातल्या एका पिकअपच्या बॉनेटखाली हातभर अंतरावर होते.

साधा बोल्ट ताणून लांब झाला, त्याचा दाब गेला, त्याचा वाटा बाकीच्या तिघांवर आला. बॉक्स आडवा सरकायला लागला. आणि आडवं सरकणंच बोल्टला सर्वांत घातक. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा त्याला आडव्या बसणाऱ्या, पुढे-मागे होणाऱ्या हालचालीने आटे जास्त सहज स्वतःहून उलगडत जातात. आमचं ‘खट्’ म्हणजे नेमकी तीच हालचाल होती. प्रत्येक वळणानंतर वाजताना ते स्वतःला आणखी थोडं सैल करत होतं.

दुरुस्तीला वेळ लागला तो स्वच्छतेत. चाचांनी बॉक्स उतरवला, दोन्ही पृष्ठभाग लोखंड चमकेपर्यंत घासले. मग चासीवर डिझेल फिरवलं, ते कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड चोळली. चासीला चीर गेली असती तर तिच्यात मुरलेलं डिझेल खडूवर काळी रेघ होऊन उमटलं असतं. भोकांच्या कडेने ते बराच वेळ बघत राहिले. रेघ उमटली नाही. इथे चीर निघाली असती तर हे काम बोल्टांचं उरलं नसतं. चारही बोल्ट नवे, १०.९ चेच, आणि टॉर्क रेंचने आवळलेले. अंदाजाने पान्याला पाइप लावून नव्हे. कमी आवळला तर दाब नाही, जास्त आवळला तर तोच बोल्ट आपली लवचीक मर्यादा ओलांडतो. बॉक्स त्यांनी उघडलाही नाही. त्याची गरजच नव्हती.

शेवटी एका डबीतून पिवळ्या रंगाचा ब्रश काढून त्यांनी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खाली चासीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. गाडी थोडी चालली की पुन्हा टॉर्क तपासायला आणायची, असंही बजावलं. आता भावाच्या डॅशबोर्डमध्ये तशीच पिवळी डबी असते. त्याने चाकांच्या नटांवर रेघा ओढल्या, कमानपाट्यांच्या यू-बोल्टांवर ओढल्या, आणि परवा शेजाऱ्यांची ट्रॅक्टरची ट्रॉली आमच्या खळ्यात उभी होती, तर तिच्या हुकाचे नटही त्याने सोडले नाहीत.