आरागिरणीची फळी

अचलपूर, १८ डिसेंबर

ती. आबांस सा. नमस्कार.

अमरावतीहून एसटीनं इथं पोचले. रस्ता पन्नासेक किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मध्ये कापूस आणि तूर. एके काळी ही इमादशाहीची राजधानी होती. जुन्या वेशी आणि तटबंदी अजून दिसतात. शेजारचं परतवाडा लागूनच आहे. मेळघाटातलं सागवान तिथं उतरतं, त्यामुळं आरागिरण्यांचा आवाज सकाळपासून. मुर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे मात्र बंद पडली आहे.

तुम्ही विचारलंत, परीक्षा संपली, मग आता तिथं काय करणार? आमचा पशुवैद्यकीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. त्यातलं शेवटचं वर्ष आंतरवासितेचं. ते पुरं केल्याशिवाय पदवीही नाही आणि पशुवैद्यक परिषदेकडं पक्की नोंदणीही नाही. त्या वर्षात दवाखाना, पशुधन प्रक्षेत्र, वन्यप्राणी असं सगळीकडं फिरवतात. नागपूरच्या महाविद्यालयात माझ्या वाट्याला बहुतेक कुत्रीच आली. लॅब्रेडॉरच्या कानाचं मला आता सगळं कळतं! पण गाय-म्हैस? वर्गात साठ-सत्तर जण आणि खोड्यात एकच गाय. एका जनावराला दिवसात किती जणांनी हात घालावा, याला माणुसकीची मर्यादा आहेच. म्हणून मी गावचा दवाखाना मागून घेतला. मैत्रिणी म्हणाल्या, तिकडं जाऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास बुडेल. बुडेल थोडा.

अचलपूर, २७ डिसेंबर

ती. आबांस सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण संध्याकाळी हात वर होत नाही. गाभण तपासणी खांद्यापर्यंत हातमोजा घालून करतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आत म्हैस हात असा आवळते की बोटं बधिर होतात, आणि बघायचं ते सगळं त्या बोटांनीच. आधी शेण काढायचं, मग गर्भाशयाचं मुख शोधायचं, तिथून पुढं दोन शिंगं. दोन महिन्यांच्या गाभात एक शिंग दुसऱ्याहून फुगलेलं, आत पाणी सरकल्यासारखं. पुढं गर्भाशय पोटात उतरतं आणि त्याच्या धमनीत एक थरथर लागते. पुस्तकात या थरथरीला दोन ओळी आहेत. इथल्या दवाखान्याच्या डॉक्टर सरांनी मला ती शोधायला लावली, मी म्हटलं सापडत नाही. ते म्हणाले, 'शोधू नको, बोट नुसतं ठेव.' मग लागली.

इथली म्हैस तुम्ही पाहायला हवी. नागपुरी म्हणतात, याच गावावरून एलिचपुरीही म्हणतात. शिंगं लांब, चपटी, मानेवरून मागं खांद्यापर्यंत गेलेली. दूध मुऱ्हापेक्षा कमी, पण विदर्भातला उन्हाळा सोसते, आणि कुटार-कडब्यावर निभावून नेते. उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो, ओरडत नाही, चिकट स्राव कमी. रेतनाची वेळ निघून जाते आणि शेतकऱ्याचं वर्ष वाया जातं. नळीतलं वीर्य उणे १९६ अंशांवर जपलेलं असतं, सदतीस अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवून वापरायचं. पण माज ओळखलाच नाही तर त्या सगळ्या थंडीचा उपयोग काय?

पहिल्या दिवशी एका म्हातारबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. 'बाई, तुमी शिकून राह्यल्या का डॉक्टर झाल्या?' मी म्हटलं, शिकतेय. 'मंग अगोदर सायबाले हात घालू द्या, मंग तुमी घाला.' सरांचं झालं आणि म्हातारबांनी स्वतः शेपूट बाजूला धरली. आम्हाला एक लॉगबुक भरायचं असतं: किती तपासण्या, किती रेतनं, किती टाके. म्हातारबांनी शेपूट धरली, याला त्यात रकाना नाही. माझ्या मते पहिला रकाना तोच असावा. जनावर त्यांचं, दुधाचे पैसे त्यांचे, आणि माझं शिकणं फुकट.

परवाची गोष्ट. एका गोठ्यातून फोन आला, म्हैस दोन दिवस कळा देते आणि बसते, पाणमोट काही दिसत नाही. सरांनी आत हात घातला आणि मला म्हणाले, आता तू बघ. योनीच्या भिंतीला घड्या पडलेल्या, हात सरळ जाईना, उजवीकडं वळत वळत जात होता. गर्भाशयाला पीळ. म्हशींत हे बऱ्याचदा होतं, आणि बहुतेकदा उजवीकडं.

उपाय म्हणजे म्हशीला दोरानं पाडून, पिळाच्या बाजूवर झोपवून, पोटावर तिरकी फळी टाकायची. फळीचं खालचं टोक जमिनीला, त्यावर माणूस उभा. मग म्हशीला पिळाच्याच दिशेनं लोळवायचं. फळीनं गर्भाशय जागीच दाबून धरायचं आणि शरीरानं फिरून त्याला गाठायचं. तर फळी हवी, नऊ-दहा फुटांची. गोठ्यात नव्हती. मालकाचा पोरगा मोटारसायकलवर परतवाड्याला गेला आणि आरागिरणीतून सागाची फळी खांद्यावर घेऊन आला. फळीवर मी उभी, कारण वजनानं सगळ्यांत हलकी आणि तोल सांभाळणारी. शेजारीपाजारी दहा जण दोर ओढायला. तिसऱ्यांदा लोळवल्यावर सरांचा हात सरळ आत गेला आणि भसकन पाणी आलं.

वगार मेलेली निघाली. दोन दिवस फार झाले होते. मालकीण म्हणाली, 'म्हैस वाचली थेच लय झालं.' आणि लगेच दुसरा प्रश्न: पिलाशिवाय ही पान्हा सोडंल काय? त्याचं उत्तर मला पुस्तकातून देता येईना. शेजारची म्हातारी सांगू लागली, पेंड आधी पुढ्यात ठेवा, हात एकाच माणसाचा ठेवा, वेळ चुकवू नका. सरांनी मान डोलावली आणि तेच मला लिहून घ्यायला सांगितलं.

अचलपूर, ४ जानेवारी

ती. आबांस सा. नमस्कार.

जवळच्या बहिरमची यात्रा भरली आहे. हंडीतलं मटण आणि रोटी खाल्ली. तुम्ही आलात तर पुन्हा जाईन.

हा आठवडा लसीकरणात गेला, मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत. कानात बारा आकडी बिल्ला असेल तर नोंद, नसेल तर आधी तो. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस, ती जिवंत जंतूंची. सुई आपल्याच बोटात गेली तर माणसाला महिनोन्महिने ताप. म्हणून वासराचं डोकं कुणी धरायचं हे ठरल्याशिवाय सर सिरिंज भरू देत नाहीत. २०२२ साली लम्पी वऱ्हाडात पसरली तेव्हा आमच्या आधीच्या एका तुकडीनं अशीच गावं पालथी घातली होती. शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचत. ते थकल्याचं सांगतात, पण त्यांचे हात आमच्यापेक्षा पुढं आहेत हे दिसतं.

तुम्ही कळवलंत, धाकट्या खिल्लाराचं डोकं एका बाजूला कलतं आणि तो शिंग गव्हाणीला घासतो. औषध फोनवर सांगणार नाही. उद्या सकाळी त्याला बांधून, ज्या बाजूला डोकं कलतं ते शिंग मुळाशी धरून हळूच हलवा. सैल लागतं का, मूळ नरम किंवा गरम लागतं का, त्याच बाजूच्या नाकपुडीतून कधी रक्त आलं का, ते बघा. यातलं एकही असलं तर शिंगाच्या कॅन्सरची शंका धरायची. वाट न बघता शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. लवकर शस्त्रक्रिया झाली तर बैल वाचू शकतो. टेम्पो दादाला ठरवायला सांगा, आणि काय लागलं ते मला दुपारच्या आत कळवा.

आपली नात