दूधसागर आणि एक बिस्किट

मुलांनो, दूधसागर धबधबा तुम्ही चित्रात तरी नक्कीच पाहिला असेल. गोव्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या सीमेजवळ, सुमारे 310 मीटर उंचीवरून तो कोसळतो. आमची शाळा तीन मजली आहे. तशा तीस शाळा एकावर एक रचल्या, तर कुठे त्याच्या माथ्याला हात पोचेल!

गेल्या नोव्हेंबरात मी, माझी आई आणि दुसरीतली लेक अशा तिघी कुळे स्टेशनवर उतरलो. पुढे जीप. पावसाळ्यात ती बंद असते. अंगात तरंगती जाकिटं चढवली आणि निघालो. वाट कसली, खड्डे, दगड आणि मधेच वाहते ओढे! जीप पाण्यात शिरली की लेक किंचाळायची आणि तिची आजी देवाचं नाव घ्यायची.

हे सगळं भगवान महावीर अभयारण्य. त्याच्या एका भागाला 1978 साली मोले राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी इथे राहतो. आम्हाला गवा काही दिसला नाही, त्याचं शेण तेवढं दिसलं. लेकीला तेवढंही पुरलं.

जीप थांबली तिथे माकडं होती. आता खरं सांगते, हसू नका. ‘रानातल्या प्राण्यांना खायला देऊ नये’ हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि त्या दिवशी मीच क्रीमचं बिस्किट पुढे केलं! माकडाने बिस्किटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आईच्या हातातली पिशवी हिसकावून ते थेट झाडावर! पिशवीत आईच्या मधुमेहाच्या गोळ्या होत्या. बघता बघता त्याने पाकीट दातांनी फोडलं.

मी ओरडू लागले. जीपवाले दादा म्हणाले, "बाई, ओरडू नका. मागे सरा, गप्प उभ्या राहा." थोड्या वेळाने पिशवी खाली पडली. गोळ्या मोजल्या. दोन कमी होत्या. आईचं त्या दिवसाचं भागलं, पण दादांनी चांदीचा कागद आमच्याकडून शोधून उचलून घेतला.

"आई, तू तर द्यायचं नाही म्हणतेस ना?" लेकीने विचारलं. मी पुढे चालू लागले.

खडकांवरून वळसा घेतला आणि समोर धबधबा! पाणी खडकांवर आपटून त्यात असंख्य बुडबुडे होतात, म्हणून ते दुधासारखं पांढरं दिसतं. हे मला पाठ होतं. पण अंगावर गार तुषार आले तेव्हा काही सुचेना. तेवढ्यात धबधब्याच्या मधोमध असलेल्या पुलावरून आगगाडी गेली, अगदी खेळण्यातली वाटावी अशी. लेकीने दोन्ही हात हलवले.

सोमवारी हे सारं मी माझ्या चौथीच्या वर्गाला सांगितलं. बिस्किटाचंही. मुलं खूप हसली. मग मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "बाई, त्या दोन गोळ्या माकडाने खाल्ल्या? मग त्याला काही झालं नाही ना?"

मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले.