कल्याण ते कल्याणपूर

मी मॅट्रिक. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि गेली वीस वर्षे कल्याणच्या एका शाळेत मुलांकडून फुलदाण्या, सुरया आणि त्यांच्या सावल्या काढून घेतो आहे. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यांपैकी दोहोंत नायक-नायिकेची पहिली भेट कॉलेजच्या व्हरांड्यात होते. तो व्हरांडा मी सर्वस्वी ऐकीव माहितीवर बांधला होता, हे आज दिवाळीच्या मुहूर्तावर कबूल करून टाकतो.

खराखुरा व्हरांडा पाहण्याचा योग आला तो भाचीमुळे. तिला कानपूरच्या आयआयटीत प्रवेश मिळाला. पेढे वाटून झाले आणि ताईने डोळ्यांना पदर लावला.

"पवई काय वाईट होती? कांजूरमार्गला उतरलं की रिक्षा!"

जणू पवईची जागा मंडईत मांडलेली होती आणि आम्हीच ती घासाघीस करून सोडली! मेहुण्यांना रजा मिळेना, म्हणून पोहोचवायला मी निघालो. संस्था कल्याणपूर नावाच्या भागात आहे हे कळल्यावर ताईला जरा धीर आला. नावाचा का होईना, आधार!

गाडीत भाची फारशी बोलली नाही. तिथे पोहोचल्यावर मात्र इमारतींकडे पाहून तिने पहिले वाक्य उच्चारले, "मामा, यांचं प्लॅस्टर करायचं राहिलं का रे?"

छायाचित्रे पाहून माझेही मत काही निराळे नव्हते. काँक्रीटचा सांगाडा उघडा, मधल्या भिंतींच्या तांबड्या विटाही उघड्या. माझ्या वर्गात आखणीच्या रेघा पुसल्या नाहीत तर मी मार्क कापतो. येथे वास्तुशिल्पीने त्या मुद्दाम राखल्या होत्या! कोणता खांब भार वाहतो आणि कोणती भिंत नुसता आडोसा आहे, हे पोरासोरांनाही दिसावे.

हा वास्तुशिल्पी आपल्याकडचा. अच्युत कानविंदे १९१६ साली कोकणात आचरे गावी जन्मले. वडील चित्रकला-शिक्षक, हे वाचल्यापासून कानविंद्यांवर माझाही थोडा हक्क आहे असे मी धरून चालतो. जे. जे. मधून ते हार्वर्डला गेले, वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले. कानपूरची संस्था १९५९ साली निघाली तेव्हा तिला स्वतःचे छप्पर नव्हते. हारकोर्ट बटलर संस्थेच्या उसन्या जागेत वर्ग भरले. १९६३ मध्ये ती या जागेत आली. पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर. त्याआधी ते पवईच्याच उभारणीत गुंतलेले होते! ताईला हे आधी सांगायला हवे होते.

पण खरी गंमत विटांत नाही, व्हरांड्यांत आहे. मधोमध ग्रंथालय, आणि तिथून निरनिराळ्या विभागांकडे जाणारे लांबच लांब, छपराखालचे दुमजली मार्ग. चालणाऱ्याची वाट वेगळी, मोटारींची वेगळी. उत्तरेकडचे ऊन कसे भाजते ते मी स्टेशनपासून अनुभवत होतोच. त्या मार्गावर पाऊल टाकले आणि अंगावर वारा आला. दोन्ही बाजूंना झाडी, पायाखाली सावलीचे चौकोन. कानविंद्यांच्या मनात काय होते ते तेच जाणोत. मला मात्र कोकणातल्या घराची पडवी आठवली. घरातही नाही आणि बाहेरही नाही, अशी ती जागा.

दोष सांगायचाच तर, सगळीकडे वीटच वीट असल्याने परका माणूस हमखास चुकतो. ग्रंथालयाची वाट मी एकाच माळ्याला तीनदा विचारली. तिसऱ्यांदा तो हसला.

परतलो तेव्हा भाची एका खांबाला टेकून कुणा मुलीशी बोलत होती. दोघींच्या हातांत सारखेच कागद होते. मला पाहून ती लगबगीने पुढे आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मामा, तू नीघ आता. गाडी चुकेल." गाडीला पाच तास होते. मी निघालो. वळून पाहिले तर त्या दोघी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्याही होत्या.

स्टेशनवरून ताईला फोन केला. ती रडत नव्हती, नुसते विचारले, "कशी आहे रे जागा?"

"पडवी आहे," मी म्हटले, "इकडून तिकडे, सगळीकडे पडवी."

पलीकडे क्षणभर शांतता.

"मग पावसात दप्तर भिजायचं नाही तिचं," ताई म्हणाली.