जागल्याची आरोळी

चंद्रास राजयक्ष्मा जडला आणि तो कलेकलेने झिजू लागला, ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. या झिजण्यावरूनच आपण रोगास क्षय म्हणतो. झिजविणारा मात्र केवळ जंतू नव्हे. त्यात मोठा वाटा आपल्याच रक्षकांचा असतो. शरीर कृश करते म्हणून ज्यास कॅकेक्टिन म्हणत, ते द्रव्य आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही एकच, असे १९८५ साली ब्रूस ब्यूटलर व अँथनी सेरामी प्रभृतींनी दाखविले. आणि ते स्रवते आपल्याच महाभक्षी पेशींतून!

मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. या विषयाकडे वळलो तो मेहकरास असणाऱ्या धाकट्या बहिणीमुळे. संधिवाताने तिला भाकरी थापवेनाशी झाली. डॉक्टरांनी नवी सुई सुचविली, पण आधी क्षयाची परीक्षा केली. छातीचे चित्र निर्दोष, परीक्षा मात्र होकारार्थी. ती सात वर्षांची असताना आमच्या वडिलांस हा रोग झाला होता. "दादा, तेव्हापासून तो माझ्या अंगात असेल, तर इतक्या वर्षांत मला काहीच कसे झाले नाही?" तिने विचारले.

जंतू फुफ्फुसात उतरला की महाभक्षी पेशी त्यास गिळते; परंतु गिळला तरी तो सहजी मरत नाही. त्याच्या कवचातील द्रव्ये ओळखून ती पेशी, आमच्याकडे शेतावरचा जागल्या आरोळी ठोकतो तशी, संकेतद्रव्ये सोडू लागते: टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६. रक्तवाहिन्या सैल होतात, इतर पेशी धावून येतात. आरोळी मेंदूपर्यंत गेली तर ताप चढतो, अन्नावरची वासना उडते. धावून आलेल्या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडून महाभक्षीस बळ देतात आणि सर्व मिळून जंतूभोवती गाठ बांधतात. बहुतेकांच्या देहात तो जन्मभर तेथेच कोंडलेला राहतो. बहिणीचे तसेच झाले असावे. पण आरोळी थांबलीच नाही, तर चोरापेक्षा धावणाऱ्यांच्याच पायांखाली पीक अधिक तुडविले जाते. फुफ्फुसात पोकळ्या पडतात. १७७२ साली थेऊरास अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी माधवराव पेशवे गेले, ते याच रोगाने.

मग जागल्याचे तोंड बांधावे काय? संधिवातात तोच टीएनएफ सांध्यांत विनाकारण ओरडत असतो, आणि नवी सुई नेमकी त्यास गप्प करते. २००१ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात असे औषध घेतल्यावर क्षय उफाळलेले सत्तर रुग्ण नोंदले आहेत. गप्प झालेल्या जागल्यामागे गाठीची भिंत ढासळते.

म्हणून बहिणीस प्रथम प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या आहेत, सुई त्यानंतर. तोवर भाकऱ्या मेहुणे थापतात.