शेवटच्या दोन स्टेप

आमचा प्लास्टिकचा कारखाना पुण्याजवळच्या एमआयडीसीत आहे. मेंटेनन्स माझ्याकडे. एक्स्ट्रूडरला नवे व्हीएफडी ड्राइव्ह बसले आणि पॉवर फॅक्टर पॅनलमधले कपॅसिटर फुगायला लागले. फ्यूजही उडायचे, बहुतेक रात्रपाळीतच. सप्लायर म्हणाला, लॉट खराब असेल. त्याने बदलून दिले, तेही फुगले. रात्री फोन वाजला की पोटात गोळा यायचा. कपॅसिटर काढूनच टाकावेत, तर 2020 पासून आमचं एचटीचं बिल केव्हीएएचवर येतं, पॉवर फॅक्टर पडला की वाढतं.

साधा क्लॅम्प मीटर काही विशेष दाखवत नव्हता. ओळखीतल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी ट्रू आरएमएस मीटर आणला. 25 केव्हीएआरच्या कपॅसिटरने 440 व्होल्टला 33 अँपिअर घ्यावेत, आमचा 48 घेत होता. ड्रायरचे हीटर बंद केले तर आकडा आणखी चढला.

काकांनी फ्यूजच्या खोक्यावरच हिशेब मांडला. ट्रान्सफॉर्मर 500 केव्हीए, इम्पीडन्स 5 टक्के, म्हणजे शॉर्टसर्किट पातळी 10,000 केव्हीए. त्याला कपॅसिटरच्या 200 केव्हीएआरने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. आलं सात. कपॅसिटरच्या आठही स्टेप लागल्या की ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरचा रेझोनन्स 350 हर्ट्झच्या आसपास येतो, आणि ड्राइव्ह पाचव्याबरोबर सातवा, म्हणजे याच 350 हर्ट्झचा, हार्मोनिक सोडतातच. एसटीच्या काचा ठरावीक वेगालाच खडखडतात, तसं. तिथे करंटला आवर घालतो तो फक्त रेझिस्टन्स, म्हणजे आमच्याकडे मुख्यतः हीटर. रात्री ड्रायर बंद, पण चिलर आणि ग्राइंडरच्या मोटारी चालूच. हीटरला केव्हीएआर लागत नाही, त्यामुळे पॉवर फॅक्टर रिले आठही स्टेप तशाच धरून ठेवायचा. रात्रपाळीचं कोडं तेव्हा कुठे सुटलं.

त्याच दिवशी शेवटच्या दोन स्टेप बंद ठेवल्या. रेझोनन्स 400 हर्ट्झच्या वर सरकला, करंट उतरला. पॉवर फॅक्टर थोडा पडला, ते सोसलं.

नंतर प्रत्येक स्टेपला 7 टक्क्यांचा डिट्यून्ड रिअॅक्टर घेतला. त्याने ती स्टेप 189 हर्ट्झला, पाचव्या हार्मोनिकच्याही खाली, ट्यून होते. पॅनलवाला जुनेच कपॅसिटर वापरू म्हणत होता. ते ऐकू नका. रिअॅक्टरमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं, जास्त व्होल्टेज रेटिंगचेच लागतात. शिवाय रिअॅक्टर चांगलेच तापतात. पॅनलला एक्झॉस्ट फॅन लागतो, आणि तो आमच्या कोटेशनमध्ये नव्हता.