वाक्य पूर्ण होईपर्यंत

कोपर स्टेशनवर फक्त स्लो लोकल थांबतात. फास्ट गाडी धडधडत निघून जाते आणि तेवढा वेळ रुळांलगतच्या माझ्या दवाखान्यात बोलणं बंद ठेवावं लागतं. मला याचा फार वैताग यायचा.

सव्विशीतला एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) आईबरोबर यायचा. शेजारी पाळत ठेवतात, भिंतीतून आवाज येतात, अशी सुरुवात होती. रिस्पेरिडोनने आवाज थांबले. आई म्हणाली, "डॉक्टर, आता अगदी शांत झालाय हो." या वाक्याची मला धास्तीच वाटते. नातेवाईक 'देवराई' सिनेमातल्या स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषसारख्या भासांबद्दल भरभरून विचारतात, पण नंतरच्या गप्पपणाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मी विचारायचो, "कसं वाटतं?" तो "मला..." म्हणून अडायचा. लगेच आई, "बरं वाटतं, झोप जरा जास्त आहे." आणि मी तेच केसपेपरवर उतरवायचो.

एकदा त्या "मला..."वरच गाडी आली. आईला थांबावं लागलं, मलाही. आवाज विरल्यावर तो सावकाश म्हणाला, "सुचतं. पण तोंडापर्यंत येईस्तोवर निघून जातं."

मी त्याचा हात कोपरातून वाकवून पाहिला. दातेरी चाकासारखा अडकत अडकत वाकला. चालताना हात हलत नव्हते, चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. म्हणजे बोलणं आटायला काही अंशी माझं औषध कारणीभूत होतं. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे ग्राही (रिसेप्टर) अडवतात. साधारण 65 टक्के अडले की गुण येऊ लागतो, 80 च्या आसपास अंग आखडायला लागतं. मधली वाट अरुंद आहे. आधी ताठरपणासाठी मी ट्रायहेक्सिफेनिडिल दिलं होतं. त्याने हात सैल होतात, पण स्मरण आणखी मंदावू शकतं. ती चूक माझीच.

सगळा दोष गोळीवर टाकणं मात्र सोपं आणि घातक. बोलणं खुंटणं हे मूळ आजाराचंही लक्षण आहे. 'स्किझोफ्रेनिया' हे नाव देणाऱ्या ब्लॉयलरच्या 1911 च्या ग्रंथापासून ते नोंदलेलं आहे, आणि तेव्हा यातली एकही गोळी नव्हती. 1952 साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी मनोरुग्णांवर क्लोरप्रोमाझिन हे यातलं पहिलं औषध वापरलं, त्याआधी लाबोरी या सर्जनला त्या औषधाने रुग्ण आजूबाजूबद्दल बेफिकीर होताना दिसले होते. ती बेफिकिरी तेव्हा औषधाचा गुण मानली गेली. आम्ही डॉक्टर अजून पुरते त्यातून बाहेर आलेलो नाही.

आणखी एक कारण मला त्याच्या वहीत सापडलं. घरून लिहून आण, असं मी सांगितलं होतं. दोन आठवड्यांत चार ओळी. शेवटची अशी : मागच्या वेळी मनातलं सांगितलं तर ॲडमिट केलं. तो शब्द तोलून बोलत होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. तोलायला वेळ लागतो, तेवढ्यात आई बोलून मोकळी.

डोस दोन महिन्यांत, टप्प्याटप्प्याने उतरवला. घरच्या घरी कुणी असं करू नये, गोळी अचानक तोडली की आवाज परत येऊ शकतात. आईला एवढंच सांगितलं, एक गाडी जाईपर्यंत थांबायचं. गाडी असो वा नसो.

तिसऱ्या महिन्यात तो आईकडे वळून म्हणाला, "मधे बोलू नकोस ना." आईचे डोळे भरले, एवढं केलं त्याचं हे फळ, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी केसपेपर ओढला आणि लिहिलं : सुधारणा.